उजव्या बरगडीखाली दुखतं, सोनोग्राफी ‘सामान्य’: पित्ताशयाचं निदान कुठं आणि कसं करून घ्यावं? (यवतमाळ जिल्हा)

पळसफूल
नमस्कार मंडळी. वय ३८, दोन मुलं, घाटंजी तालुक्यात शेती. प्रश्न माझाच आहे, कुण्या मैत्रिणीचा नाही.

पोळ्यापासून पोटात दुखून राहिलं. उजव्या बरगडीखाली सुरू होतं, मधोमध येतं आणि मागं उजव्या खवाट्यात जाऊन बसतं. बहुतेक वेळा रात्रीच. तेरवीचं जेवण झालं, घरी पाटोडीची रस्साभाजी झाली, की त्या रात्री हमखास. तास-दोन तास असं दुखतं की ना झोपवत, ना बसवत. घाम येतो. उलटी झाली तरी आराम नाही. मग कुणी बटन बंद केल्यासारखं थांबतं. दुसऱ्या दिवशी मी वावरात कापूस वेचायला जाते, त्यामुळे घरच्यांना वाटतं काही झालंच नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी गॅस सांगितला. इंजेक्शन आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी. सासूबाई म्हणतात उपासतापास फार करते म्हणून पित्त झालं. शेवटी तालुक्याला सोनोग्राफी केली. दुपारचा नंबर होता, मी सकाळी चहा-पोहे खाऊन निघाले होते. उपाशी या असं कुणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय की पित्ताशय आकुंचित आहे, नीट तपासता आलं नाही, आणि शेवटच्या ओळीत ‘बाकी पोट सामान्य’. दाखवायला गेले तर ती शेवटची ओळच वाचली गेली. म्हणे टेन्शन घेऊ नका.

मला विचारायचं असं, की सोनोग्राफी पुन्हा करू का? कुठं? आणि डॉक्टरसमोर नेमकं काय सांगू, म्हणजे ते ‘गॅस’च्या पलीकडे जातील?

कापूसकोंड्या
ताई, तुम्ही जसं इथं लिहिलं तसंच्या तसं कागदावर लिहून न्या. डाक्टरपुढं गेलं की आपल्याले काहीच आठवत नाही. माह्या घरचीचं असंच झालं होतं. आत गेली की म्हणे, “पोट दुखते जी.” झालं, भेटली गॅसची गोळी.

डॉ. मोहफूल
मी जनरल सर्जन, पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी. ऑनलाइन निदान करता येत नाही, हे आधीच सांगतो. पण तुमचं वर्णन वाचून कुठल्याही सर्जनच्या मनात पहिलं नाव पित्ताशयाचंच येईल.

कारण सांगतो. पित्त तयार करतं यकृत. पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करून ठेवतं. जेवणात तेल-तूप आलं की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावून पित्त खाली सोडतं. तोंडाशी खडा असेल तर आकुंचन तर होतं, पण वाट बंद. म्हणून तेलकट जेवणानंतर दुखणं, बरेचदा रात्री. खडा मागं सरकला की दुखणं जातं. साधारण अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत हे चालतं. सहा तासांच्या पुढे गेलं, सोबत ताप आला, तर मामला सुजेकडे गेला असं समजायचं. आम्लपित्ताची जळजळ अशी ठरावीक वेळ येऊन पूर्ण निघून जात नाही. ती रेंगाळते, आणि काही खाल्लं किंवा गोळी घेतली की तिच्यात फरक पडतो.

आता तुमच्या सोनोग्राफीबद्दल. ती सामान्य नव्हती, ती अपुरी होती. खाऊन गेल्यावर पित्ताशय रिकामं होऊन चिमतं, भिंत जाड दिसते, आतले बारीक खडे दिसत नाहीत. रात्री हलकं जेवा, मग सहा ते आठ तास काही खाऊ नका, चहासुद्धा नाही, दूध तर नाहीच. पाणी चालतं. सकाळचा पहिला नंबर मागा. पित्ताशयातल्या खड्यांसाठी नीट उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीइतकी स्वस्त आणि भरवशाची तपासणी दुसरी नाही. खडा पांढरा चमकतो, मागं काळी सावली टाकतो, आणि कुशीवर वळवलं की जागा सोडतो. गाठ किंवा पॉलिप असेल तर ती हलत नाही. म्हणून कुशीवर वळवून बघा असं सांगायला लाजू नका.

त्याच दिवशी रक्त द्या: सीबीसी, लिव्हर फंक्शन, आणि लायपेज (स्वादुपिंडाची चाचणी) होत असेल तर तेही. वय ३८ असलं तरी ईसीजी एकदा काढून घ्या. पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं कधीकधी हृदयाचं निघतं, आणि बायकांच्या बाबतीत ते फार उशिरा लक्षात येतं.

तर्रीबाज
एवढं कायले? पानफुटीची पानं रोज उपाशीपोटी चावून खा. माह्या साळ्याची पथरी पंधरवड्यात पडली. नाहीतर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री प्या, सकाळी हिरवे खडे पडतात. मोबाईलवर फोटोसकट आलं होतं.

काळी माती
साळ्याचा खडा मूत्रपिंडातला असणार. तो लघवीच्या वाटेनं जाऊ शकतो. पित्ताशयातल्या खड्याला ती वाटच नाही. पानफुटी, कुळथाचं कढण, बियर, जे काय असेल ते त्या खड्यापर्यंत पोचतही नाही.

आणि ते हिरवे ‘खडे’ म्हणजे तेल आणि लिंबू आतड्यात मिळून झालेल्या साबणासारख्या गोळ्या. मी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे एक काका डबीत भरून घेऊन आले होते, गरम पाण्यात टाकले तर विरघळून तेल वर आलं. वर धोका असा की वाटीभर तेल एकदम प्यायलं की पित्ताशय जोरात आवळतं, आणि खडा असला तर नळीत जाऊन अडकू शकतो.

तर्रीबाज
बरं जी. साळ्याचं खरं होतं पण.

पुण्याची वैदर्भी
मी मूळची आर्वीची. माझ्या नणंदेला अमेरिकेत असाच त्रास होता, सोनोग्राफी दोनदा स्वच्छ आली. शेवटी हायडा स्कॅन केला तेव्हा कळलं की पित्ताशय नीट आकुंचनच पावत नाही. खडा एकही नव्हता. पळसफूल, तुम्ही थेट नागपूरला जाऊन हायडा का करत नाही? उगाच तालुक्याच्या चकरा.

डॉ. मोहफूल
वैदर्भीताई, तपासणी खरी आहे, पण तिची पाळी शेवटी येते. टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, ते पित्तासोबत पित्ताशयात उतरतं, आणि पित्ताशय किती टक्के रिकामं झालं ते गॅमा कॅमेऱ्यानं मोजतात. ३५-३८ टक्क्यांच्या खाली असेल तर काम मंद आहे असं धरतात. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, म्हणजे बहुधा नागपूरच. अजून एक धड सोनोग्राफी झालेली नाही, तिथं हे कशाला? मजुरीचे पैसे आहेत ते.

क्रम असा ठेवा. उपाशीपोटी सोनोग्राफी आणि रक्त. तेवढ्यानं उत्तर मिळालं तर थांबा. सोनोग्राफी खरोखर स्वच्छ आली तर दुर्बिणीतून जठर बघायचं, अल्सर आणि त्यातला जंतू तपासायचा, आणि पुढचा झटका आला की एक-दोन दिवसांत पुन्हा सोनोग्राफी. गाळ आणि मोहरीएवढे खडे पहिल्या खेपेला निसटू शकतात. कावीळ वाढलेली दिसली किंवा पित्ताची मुख्य नळी ६-७ मिलिमीटरच्या वर फुगलेली दिसली तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय), कारण नळीतला खडा सोनोग्राफीला बरेचदा सापडत नाही. हे सगळं होऊनही दुखणं तसंच राहिलं तर मग हायडा.

काळी माती
एक गोष्ट कुणीच विचारली नाही. पळसफूल, तुमची किंवा घरात कुणाची सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का?

विदर्भातल्या माणसाला पित्ताशयात खडे म्हटलं की हा प्रश्न आलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, यवतमाळ, सगळीकडे पेशंट आहेत. गोंड, माडिया, परधान या समाजांत आहेत आणि आदिवासी नसलेल्या कितीतरी घरांतही आहेत. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य वाढतं आणि पित्ताशयात काळे खडे धरतात. शाळकरी पोरांच्या पित्ताशयातसुद्धा मी रिपोर्टमध्ये बघितले आहेत. उलटही होतं. सिकलसेलच्या झटक्यात पोट दुखतं आणि सगळे पित्ताशयावर खापर फोडतात.

पहिली चाचणी साधी असते, सोल्युबिलिटी. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक आहे की रुग्ण, ते ठरतं. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारून बघा. पैसे लागत नाहीत.

पळसफूल
माझी कधीच नाही झाली. माहेरी चुलत भाऊ लहानपणी सारखा आजारी असायचा, सांधे दुखायचे, त्याला ‘रक्ताचा आजार’ म्हणायचे. तेच असेल का?

काळी माती
असू शकतं. नक्की करून घ्या.

सातबारा
पैशाचं बोलतो, कारण खेड्यातलं निदान अडतं ते तिथं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे आणि आता कुठलंही रेशन कार्ड चालतं. पण ही योजना भरती होऊन करायच्या उपचारांची आहे. तुम्ही ओपीडीत जाऊन सोनोग्राफी, रक्त, एमआरसीपी करत फिरता तो खर्च आधी तुमच्याच खिशातून जातो. ऑपरेशन ठरल्यावर सरकार आहे. पण ऑपरेशन ठरेपर्यंतच माणूस चार-पाच हजारांना उतरतो आणि कंटाळून गॅसच्या गोळीवर परततो. हे मी माझ्या गावात इतक्यांदा बघितलंय की आता राग येणंही बंद झालं.

यावर तोड म्हणजे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. अडचण एवढीच की मशीन असतं, सोनोग्राफी करणारा डॉक्टर ठरावीक वारीच येतो. वार आधी विचारून जा, नाहीतर दिवसाची मजुरी बुडते आणि काम होत नाही. मशीन गावोगाव फिरवताही येत नाही, गर्भलिंग निदानाच्या कायद्यात प्रत्येक मशीन जागेसकट नोंदवावं लागतं. कायदा गरजेचाच आहे, पण खेड्यातल्या पोटदुखीला त्याची झळ बसते हेही खरं.

मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्यात येतात. यवतमाळच्या किंवा नागपूरच्या मेडिकलला थोडे सरकारी दर पडतात, पण एकाच छताखाली सगळं होतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही तुमच्यापासून फार लांब नाही, कळंब-देवळी मार्गे वर्धा. बायकांना यष्टीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. योजनेची विचारपूस १५५३८८ वर होते, आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याला गाठा.

कापूसकोंड्या
सेवाग्रामले जुन्या काळी गावकरी ज्वारी देऊन दवाखान्याचा विमा काढत. माह्या आज्यानं पायल्या मोजून देल्ल्या होत्या.

बांधावरचा
धाग्यात घुसतो, माफी. वडील ६६. कालपासून पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं थांबतच नाही. थंडी वाजून ताप आला. आज डोळे पिवळे वाटतात, लघवी चहासारखी. आमच्याकडे कावीळ उतरवणारा एक माणूस आहे, माळ घालतो. आधी त्याच्याकडे नेऊ की सकाळी सोनोग्राफी करू?

डॉ. मोहफूल
दोन्ही नको. आत्ता निघा. दुखणं, हुडहुडीचा ताप आणि कावीळ एकत्र म्हणजे पित्ताच्या नळीत अडथळा होऊन जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्यात माणूस काही तासांत खचतो. १०८ ला फोन करा, जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. तोंडातून काही खायला देऊ नका. शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर पट्ट्या सोबत घ्या.

बांधावरचा
गाडी बोलावली.

पळसफूल
वाचून हात थरथरले. कळवा हो दादा.

तोवर माझं सांगते. उपजिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीचा वार विचारून गेले. रात्री आठला वरण-भात खाल्ला, सकाळी फक्त पाणी. रांगेत गर्भवती पोरी आधी, ते बरोबरच आहे. माझा नंबर येईपर्यंत उपाशी जीव कासावीस झाला. इथं लिहिलेलं सगळं वहीच्या पानावर उतरवून नेलं होतं: कधी दुखतं, काय खाल्ल्यावर, किती वेळ, कुठं जातं, लघवीचा आणि शौचाचा रंग. डॉक्टर मॅडमनी पान पूर्ण वाचलं. मग उजव्या बरगडीखाली बोटं दाबून म्हणाल्या श्वास आत घ्या. पूर्ण आत नाही गेला, पण फार दुखलंही नाही.

कुशीवर वळवून बघितलं. रिपोर्ट: पित्ताशयात एकाहून जास्त खडे, सगळ्यात मोठा ७ मिलिमीटरचा, थोडा गाळ. भिंत ३ मिलिमीटर. मुख्य नळी ५ मिलिमीटर, फुगलेली नाही. लिव्हरचं रक्त ठीक. ईसीजी ठीक. हिमोग्लोबिन ९.८. सिकलसेलची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, पुढची पाठवली आहे.

रडू आलं, पण भीतीनं नाही. इतके दिवस नाटक करते असं ऐकत होते. सासूबाईंना पडद्यावरचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, “आता गं बाई, हे तं गारगोट्या हायेत.”

डॉ. मोहफूल
छान, आता पायाखाली जमीन आली. तुमच्या त्रासाला कारण सापडलंय. नळी मोकळी आहे, लिव्हर ठीक आहे, म्हणजे एमआरसीपी आणि हायडा दोन्हीची सध्या गरज नाही. हिमोग्लोबिनचं वेगळं बघा, सिकलसेलचा निकाल येऊ द्या.

पुण्याची वैदर्भी
म्हणजे हायडावाला माझा सल्ला वायाच. बरं झालं. पण एक विचारते: माझ्या आईच्या पित्ताशयात खडा आहे, कसलाच त्रास नाही. रक्तदाबाच्या तपासणीत सहज सापडला. तिचंही काढायचं का?

डॉ. मोहफूल
बहुतेक नाही. त्रास न देणारे खडे पुष्कळांच्या पोटात असतात आणि बहुतेकांना जन्मभर काही करत नाहीत. अपवाद आहेत: मोठा पॉलिप, भिंतीत चुना साचलेला, सिकलसेलचा रुग्ण. त्यांचं वेगळं ठरवावं लागतं. पण एकदा असे झटके सुरू झाले की ते परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून पळसफूलचा सल्ला वेगळा आणि तुमच्या आईंचा वेगळा. विरघळवायच्या गोळ्या मिळतात, पण त्या ठरावीक जातीच्या बारीक खड्यांनाच लागू पडतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि बंद केल्या की खडे परत होऊ शकतात. सिकलसेलच्या काळ्या खड्यांवर त्यांचा उपयोग नाही.

कापूसकोंड्या
ऑपरेशन म्हणजे पोट फाडणं नाही आता ताई. घरचीले चार छोटी छिद्रं पाडली, लवकरच घरी आली.

डॉ. मोहफूल
होय, दुर्बिणीचं. आपल्या देशात ते पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केलं. आता जिल्ह्याच्या गावी सर्रास होतं. तरी कधीमधी आतली चिकट स्थिती बघून पोट उघडावं लागतं. तशी संमती घेतात तेव्हा घाबरू नका.

बांधावरचा
वडिलांचं कळवतो. जिल्ह्याहून नागपूरला पाठवलं. नळीत खडा अडकला होता, तोंडातून दुर्बीण टाकून काढला, नळी बसवली आहे. ताप उतरला. पित्ताशय नंतर काढायचं म्हणतात. माळवाल्याकडे नेलं असतं तर काय झालं असतं, यावर घरात कुणी बोलत नाही. डॉक्टरसाहेब, पाया पडतो.

पळसफूल
देवाची कृपा हो. बाबांना सांभाळा.

माझा एचपीएलसीचा निकाल आला. वाहक, रुग्ण नाही.

काळी माती
मग खडे सिकलसेलमुळे झाले असं म्हणता येणार नाही, वाहकाच्या पेशी एरवी तशा फुटत नाहीत. हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्यासाठी लोह, खाणं, पाळीचा रक्तस्राव हे बघावं लागेल. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना वाहक असल्याचं नक्की सांगा. आणि यजमानांची चाचणी करा. तेही वाहक निघाले तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. मुलांची तर कसंही करून कराच, मोठेपणी लग्न ठरवताना कामी येतं.

पळसफूल
मुलांची शाळेतल्या शिबिरात झाली होती असं कळलं, कागद कुणी दिलाच नाही. आरोग्य केंद्रात जाऊन रजिस्टर बघायला लावते. यजमान तयार आहेत, थोडे कुरकुरत.

सर्जनला दाखवलं. वेचणी आटोपल्यावर केलं तर चालेल का विचारलं. ते म्हणाले, महिना-दीड महिना थांबता येईल, पण तळलेलं बंद आणि सहा तासांवर दुखलं किंवा ताप आला तर तारखेची वाट बघायची नाही. जुना तालुक्याचा रिपोर्ट फेकून देऊ का? फुकट तर गेला.

सातबारा
फेकू नका. योजनेच्या मंजुरीला त्रास कधीपासून आहे ते दाखवावं लागलं तर तोच कागद कामी येईल. आधार, रेशन कार्ड आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, दोन-दोन झेरॉक्स काढा. आधारवर आणि रेशन कार्डवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, माहेरचं-सासरचं नाव जुळत नाही म्हणून आमच्या वहिनीची मंजुरी अडली होती.

पळसफूल
बघितलं. आधारवर सासरचं आहे, रेशन कार्डावर माझं नावच चुकीचं छापलंय. सोमवारी तहसीलला जाते.